न दिसणाऱ्या घराची खिडकी

आमच्या आईनं घराबद्दल आयुष्यात एकच मागणी केली. ती पुरी करायला घरात नकाशे काढणारी दोन माणसं होती, तरी तिचा पार बोजवारा उडाला. त्या दोघांतली एक मी, दुसरे बाबा. चूक नक्की कुणाची हे आमच्याकडे आजतागायत ठरलेलं नाही. पण मी आता साठी ओलांडली आहे, आणि या वयात खरं सांगून टाकलं तर फारसं काही बिघडत नाही.

बाबा बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका पंपाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पस्तीस वर्षं त्यांनी पंपांचे भाग कागदावर काढले. घरात भिंतीला खिळा ठोकायचा असला तरी आधी तो खिळा कागदावर निघायचा, समोरून, वरून आणि बाजूनं. त्यांची चूक कधी कुणी काढली नव्हती, आणि काढली असती तर त्यांनी ती मानली असती असं मला वाटत नाही. मी आर्किटेक्चर शिकून नुकतीच बडोद्यातल्याच एका ऑफिसात लागले होते, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशा वयात होते. दोघंही तापट. मी बोलून तापट, बाबा न बोलून.

सुभानपुऱ्यात आमचं टेनामेंट होतं. एकाला एक चिकटलेल्या बारा घरांची रांग, आणि तिच्या पाठीला पाठ लावून दुसरी रांग. आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यासमोर खिडकी होती, नाही असं नाही. पण तिच्यासमोर हातभर अंतरावर मागच्या घराची भिंत, आणि भिंतीवरून खाली येणारा त्यांच्या बाथरूमचा पाइप. त्या पाइपाकडे बघत आईनं सव्वीस वर्षं पोळ्या लाटल्या. मागचे लोक कधी उठले, कुणी किती पाणी ओतलं, सगळं तिला आवाजावरून कळायचं. "त्यांचा जावई आलेला दिसतोय, दोन बादल्या जास्त गेल्या," असं ती पोळी उलटता उलटता सांगायची, आणि संध्याकाळी जावई खरंच फाटकाशी उभा दिसायचा.

तिची पोळी कधी करपली नाही. एकही नाही. मी एकदा कौतुक केलं तर म्हणाली, "करपायला लक्ष दुसरीकडे जावं लागतं. इथे जाणार कुठे?"

बाबा निवृत्त झाले. कारखान्यात त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक गुजराती काका बसायचे, त्यांची पावागडच्या पलीकडे डोंगरात वाडवडिलांची जमीन होती. त्यातला एक उंचवटा इतका खडकाळ होता की तिथे बोरीसुद्धा मन लावून वाढत नव्हती. "बांधा ने तिथे एक खोली," काका म्हणाले. "तुम्ही पण राहा, आम्ही पण येऊ." बाबांच्या अंगात उत्साह संचारला. माझ्या तर विचारूच नका. माझं पहिलं घर, आणि तेही डोंगरावर.

रात्री जेवताना बाबांनी आईला विचारलं, तुला तिथे काय काय हवं. आईनं आमटी वाढता वाढता सांगितलं, "काय बांधायचं ते बांधा. मला ओट्यासमोर भिंत नको. पोळ्या करताना लांबवरचं दिसायला हवं. बस, एवढंच." आई एकदाच सांगायची. दुसऱ्यांदा आठवण करून देणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि इथेच आमचं फावलं.

आता माझ्याबद्दल. घर डोंगरात मिसळून गेलं पाहिजे, या एका विचारानं मला त्या वेळी झपाटलं होतं. डोंगरावर घर बांधावं ते डोंगराला कळता कामा नये, असली वाक्यं मी तेव्हा बोलायची. ऑफिसात बोलायची, घरी बोलायची, दूधवाल्यालाही ऐकवली होती. तिथलाच दगड, तिथलीच माती, उतरत्या डोंगराबरोबर उतरणारं छप्पर आणि छपरावर गवत. रस्त्यावरून बघणाऱ्याला घर दिसलंच नाही पाहिजे, म्हणजे आपण जिंकलो.

खरं सांगायचं तर डोंगराचा आणि माझा संबंध दिवाळीपुरता. बडोदं म्हणजे तव्यासारखं सपाट गाव, डोंगर आम्ही दरवर्षी अंगणात मातीचा करायचो आणि त्याला किल्ला म्हणायचो. म्हणून नमुनाही मी तसाच केला. भर वैशाखात अंगणात विटा रचल्या, त्यावर गोणपाट घातलं, चिखल लिंपला, अळीव पेरले. शेजारच्या बेन कुंपणावरून विचारायला लागल्या, "दिवाळी वहेली आवी?" म्हणजे लवकर आली का. हिरवळ उगवल्यावर मी त्यात काड्यापेटीएवढं घर बसवलं. दुसऱ्या दिवशी आईनं अंगण झाडलं आणि ते घर केरात गेलं. तिला ते दिसलंच नव्हतं. कुणाही शहाण्या माणसानं यातून धडा घेतला असता. मी आनंदानं बाबांना सांगत सुटले की योजना शंभर टक्के यशस्वी.

जागा फार सुंदर होती. पायवाटेवरून समोर उभं राहिलं की उजव्या हाताला दरी उघडायची. खाली एक तळं, काठाला मोहाची झाडं, त्यापलीकडे एकामागे एक डोंगर. डाव्या हाताला हत्तीएवढा काळा खडक. मी ठरवलं, घर या खडकाला बिलगून बसवायचं, म्हणजे तो खडकाचाच भाग वाटेल. आत एकच लांब खोली. डाव्या टोकाला, खडकाकडे, खाट आणि कोरी भिंत, वर एक छोटा झरोका. उजव्या टोकाला, दरीकडे, आईचा ओटा आणि त्यासमोर चांगली चार हात रुंद खिडकी. मागणी मी विसरले नव्हते, हे लक्षात असू द्या.

मग नकाशा पक्का करायची वेळ आली. त्या दिवसांत बाबा घरात नुसते फिरत होते. त्यांनी आईचे मसाल्याचे डबे व्यासाप्रमाणे लावले होते आणि जिरं कुठे गेलं म्हणून ती हैराण होती. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना काहीतरी काढायला दे, नाहीतर मी माहेरी जाते." तिचं माहेर लहरीपुऱ्यात होतं, म्हणजे धमकी तशी पंधरा मिनिटांचीच होती, पण मी कच्चा आराखडा बाबांच्या हाती दिला.

बाबांनी तीन आठवडे त्यावर घालवले. काय कागद होता तो. एकेक दगड जणू यंत्रावर कातलेला. मध्ये समोरून दिसणारं घर, खाली वरून दिसणारं, दोन्ही बाजूंना दोन बाजू. सगळी मापं मिलिमीटरमध्ये, आणि प्रत्येक मापापुढे अर्धा मिलिमीटर कमी-जास्त चालेल अशी खूण. दगडमातीच्या भिंतीला. मी हसले, तर म्हणाले, "त्याहून जास्त फरक म्हणजे निष्काळजीपणा."

तिथला कडिया, म्हणजे गवंडी, डोंगराखालच्या वस्तीतला एक वयस्क माणूस होता. गाठी मारलेली एक दोरी आणि स्वतःचा हात, एवढीच त्याची मोजायची साधनं. त्यानं कागद उलगडला, नाकाजवळ नेला, लांब धरला. अर्ध्या मिलिमीटरची खूण म्हणजे काय, असं त्यानं बाबांना विचारलं. बाबांनी बोटांच्या चिमटीत जवळजवळ काहीच न धरता दाखवलं. कडियानं शांतपणे आपलं एक बोट आडवं धरलं आणि म्हणाला, "साहेब, पावसात लाकूडच आटलुं हलतं." आटलुं म्हणजे एवढं. एक बोट.

बांधकाम सुरू झालं. बाबांचे गुडघे तेव्हा दुखत होते, त्यामुळे देखरेख माझ्याकडे. दर रविवारी मी एसटीनं जायची. आणि जाऊन काय करायची, तर समोरच्या टेकाडावर उभी राहून घर दिसतंय का ते बघायची. आधी पायवाटेवरून, मग रस्त्यावरून, मग डोळे किलकिले करून. चौथ्या रविवारी मला ते चटकन सापडलं नाही, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कडिया खालून हात हलवून आत येऊन बघायला बोलवायचा. मी वरूनच हात हलवायची, छान चाललंय म्हणून. दीड महिन्यात मी एकदाही आत गेले नाही. मला आतल्याशी कर्तव्यच नव्हतं.

वास्तुशांतीला आम्ही तिघं, ते गुजराती काका, एक भटजी आणि कडिया, एवढेच. आईनं लहरीपुऱ्यातून खास नवा तवा आणला होता, जाड बुडाचा, कागदात गुंडाळलेला. पूजा बाहेरच्या ओसरीवर झाली. मग दूध उतू जाऊ द्यायचं म्हणून आई भांडं आणि स्टोव्ह घेऊन पहिली आत गेली, मागून आम्ही.

ओटा डाव्या टोकाला होता. त्यासमोर चार हात रुंद, देखणी, एका रेषेत बसवलेली खिडकी होती. आणि खिडकीत, हातभर अंतरावर, हत्तीएवढा काळा खडक होता. उजव्या टोकाला, जिथून दरी दिसायची, तिथे कोरी भिंत. वर छपराखाली छोटा झरोका.

आईनं स्टोव्ह पेटवला. दूध ठेवलं. खडकाकडे बघितलं. दूध वर आलं, उतू गेलं, शकुन झाला. आई पदरानं भांडं उतरवत म्हणाली, "पाइप नाही, एवढं बरं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की मी ताबडतोब कडियावर ओरडायला सुरुवात केली. लाज वाटली की मी ओरडते, ही माझी जुनी खोड. कडियानं मुकाट्यानं बाबांचा कागद आणून माझ्यासमोर धरला. "बेन, नकशामां बारी डाबी बाजू छे. में डाबी बाजू राखी." बारी म्हणजे खिडकी, आणि कागदावर ती खरोखरच डावीकडे होती.

मी बाबांकडे बघितलं. बाबा कागदाकडे बघत होते. "नकाशा बरोबर आहे," ते म्हणाले.

आणि बरोबर होताच. यंत्रांच्या नकाशात आपल्याकडे एक रीत आहे. वस्तूची उजवी बाजू कागदावर डावीकडे काढायची, आणि डावी बाजू उजवीकडे. का ते मला विचारू नका, पंप बनवणाऱ्यांना विचारा. मकरपुऱ्यात कोणत्याही फिटरनं तो कागद बघून खिडकी उजवीकडेच बसवली असती. पस्तीस वर्षांत बाबांचा एकही पंप उलटा झाला नव्हता. त्यांनी घरही पंपासारखंच काढलं होतं, आणि मी तो कागद चित्रासारखा कौतुकानं बघून पुढे दिला होता.

"पण खाली वरून दिसणारा नकाशा आहे ना," मी कडियाला म्हटलं. "त्यात बघ, खिडकी उजवीकडेच आहे."

"उपरथी जोवा हुं कंई समडी छुं?" तो म्हणाला. वरून बघायला मी काय घार आहे?

बाबांनी शेवटचा उपाय म्हणून कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे त्या रीतीची खूण काढलेली होती, एक टोक कापलेला शंकू आणि शेजारी दोन वर्तुळं. ही खूण असली की बाजू उलट समजायच्या, सगळ्या कारखान्यांना माहीत असतं. कडियाचा चेहरा उजळला. ते त्याला बरोबर समजलं होतं. ती बादली होती, वरून आणि बाजूनं. म्हणून त्यानं घराच्या त्या कोपऱ्यात बादली ठेवायला एक सुरेख सपाट दगड बसवला होता. तो त्यानं आम्हाला नेऊन दाखवला.

थोडक्यात, बाबांचा कागद बरोबर होता, कडियाचं काम बरोबर होतं, आणि माझं घर रस्त्यावरून अजिबात दिसत नव्हतं. तिघंही आपापल्या जागी पास. फक्त जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिच्यासमोर भिंत होती. सव्वीस वर्षं विटांची, आता दगडाची.

आम्ही तिथे चार दिवस राहिलो. बाबा खाटेवर उभे राहून झरोक्यातून दरी बघायचे आणि आईला सांगायचे, "तळ्यावर बगळे आलेत." आई खडकासमोर पोळ्या लाटत म्हणायची, "असू देत." खडकाच्या फटीत एक पाल राहत होती, तिचं येणंजाणं आईला दोन दिवसांत पाठ झालं. पोळ्या नेहमीसारख्याच झाल्या, एकही डाग नाही. परतायच्या सकाळी तिनं नवा तवा घासला, पुसला आणि पुन्हा त्याच कागदात गुंडाळून पिशवीत भरला. "राहू दे की इथेच," बाबा म्हणाले. "नको," आई म्हणाली. "घरीच वापरीन. तिकडे काय नि इकडे काय, सारखंच." तक्रार म्हणून नाही बोलली हो. हिशेब मिटल्यासारखं बोलली, आणि म्हणूनच ते मला फार लागलं.

बाबांनाही लागलं असणार, कारण पुढचे पंधरा दिवस त्यांनी डबे लावले नाहीत. तो कागद टेबलावर पसरून नुसते बसायचे. मला वाटलं, चूक कुठे आहे ते शोधतायत. एका सकाळी ते लहरीपुऱ्यात जाऊन छिन्नी आणि हातोडा घेऊन आले आणि मला म्हणाले, "चल."

डोंगरावर पोचल्यावर, दरीकडच्या कोऱ्या भिंतीत खिडकी पाडायची हे ऐकून कडिया म्हणाला, दोन दिवसांचं काम आहे, मी करून देतो, आपण खाटेवर बसा. बाबा म्हणाले, "नाही. मी करणार." मी हात जोडले, गुडघ्यांची शपथ घातली, आवाज चढवला. काही उपयोग झाला नाही. शेवटी कडियानं छप्पर खाली येऊ नये म्हणून वर एक लाकडी तुळई घालून दिली आणि बिडी ओढत समोर बसला. बाबांनी भिंतीवर पट्टी लावून चार रेषा काढल्या, केसाएवढ्या बारीक. मग पहिला घाव घातला आणि ती रेष ज्या दगडावर होती तो दगडच निघून पडला.

नऊ दिवस लागले. बाबांच्या तळहातांना फोड आले. त्यांनी जन्मात पेन्सिलीपेक्षा जड काही चालवलं नव्हतं, आणि ते बघताना मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया वाटली की मी नुसत्या चिंध्या फाडून त्यांच्या हातांना बांधत राहिले. नवा ओटा कडियानं बांधला. खिडकी मात्र बाबांची, आणि ती वाकडी झाली. एक बाजू बाहेर कललेली, खालची कड एका टोकाला चांगली उतरलेली. आणि रस्त्यावरून बघितलं तर हिरव्या डोंगरात एक भलंमोठं चौकोनी भोक, आंधळ्यालाही दिसेल असं. माझ्या सगळ्या तपश्चर्येवर पाणी पडलं, पण मी तोंड मिटून घेतलं. मला ते जमतं हे मला तेव्हाच कळलं.

शेवटच्या दिवशी बाबा खिडकीसमोर बराच वेळ उभे राहिले. मी हळूच म्हटलं, "बाबा, खालची कड सरळ करून घेऊ या का?" ते कडियाकडे वळले आणि त्यांनी आपलं बोट आडवं धरून त्याला दाखवलं. कडियानं कड निरखली, आपलंही बोट आडवं धरलं, त्याला दुसरं जोडलं. "आटलुं तो चाले," तो म्हणाला. "मग चालेल," बाबा म्हणाले.

आईला आम्ही काही सांगितलं नाही. काकांनी बोलावलंय, एवढंच. तवा मी तिच्या नकळत पिशवीत टाकला होता. ती घरात शिरली, सवयीनं डावीकडे वळली, थांबली, आणि मग उजवीकडे बघितलं. आम्ही दोघं दारात उभे. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती सरळ ओट्यापाशी गेली, खिडकीच्या वाकड्या कडेवरून एकदा हात फिरवला, आणि म्हणाली, "पाटावर बसा. वेळ झालीय जेवायची."

आम्ही पाटांवर बसलो. तिची पाठ आमच्याकडे होती. लाटण्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. बराच वेळ थांबला. खाली तळ्यावर बगळे उतरत होते. मग वास यायला लागला. मी उठणार होते, बाबांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

आईनं दचकून तव्याकडे बघितलं आणि पोळी उतरवली. एका बाजूनं काळी ठिक्कर. ती ओशाळून म्हणाली, "ही राहू द्या, दुसरी करते." बाबांनी ताट पुढे केलं, ती पोळी घेतली आणि चावून चावून सगळी खाल्ली. मग ताट पुन्हा पुढे करून म्हणाले, "अगं, अजून एक वाढ. अशीच."